तिसरा पेला

येलवालच्या शाळेत मी गणित शिकवतो. संगणक शिकवणाऱ्या बाई मध्येच नोकरी सोडून गेल्या आणि मुख्याध्यापकांनी तो तास माझ्या गळ्यात घातला. "गणितवाल्याला काय कठीण, सार?" म्हणाले. मला प्रोग्राम म्हणजे काय तेही धड माहीत नव्हतं आणि नाही म्हणण्याइतकं त्राणही उरलं नव्हतं.

मग संध्याकाळी बसने म्हैसूरला परतलो की मी माझ्याच मुलीचा विद्यार्थी व्हायचो. ती बारावीला, परीक्षा तोंडावर आलेली. फिजिक्सचं पुस्तक उपडं ठेवून ती मला उद्याचा धडा समजावायची. ते उपडं पुस्तक मला बघवत नसे. तरी मी रोज तिच्यासमोर जाऊन बसायचो.

एकदा धडा होता दोन संख्यांच्या अदलाबदलीचा.

"अप्पा, एका पेल्यात कॉफी, दुसऱ्यात ताक. अदलाबदल करायची तर?"

"मिसळेल की गं सगळं."

"म्हणून तिसरा रिकामा पेला घ्यायचा. कॉफी आधी त्यात ओतायची."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "आणि तो तिसरा मग विसळून ठेवायचा. अय्यो, परीक्षा तिची आहे की तुमची, ते तरी एकदा ठरवा!"

दुसऱ्या दिवशी वर्गात मी पेल्यांना a, b आणि c अशी नावं देऊन हे सगळं कन्नडमध्ये जसंच्या तसं सांगितलं. विसळण्यासकट. मुलांनी माना डोलावल्या. प्रोग्राम तपासायला गेलो तर प्रत्येकाने शेवटी एक जास्तीची ओळ लिहिलेली: c = 0.

"हे काय?"

"पेला विसळला, सार. उष्टा कसा ठेवायचा?"

पडद्यावर उत्तर तर बरोबर येत होतं. बरोबरची खूण करावी की फुली मारावी, मला कळेना. तपासणं तसंच ठेवून घरी आलो आणि मुलीला विचारलं. ती पोट धरून हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

"चूक नाही, अप्पा. गरज नाही, एवढंच."

"मग गुण कापू?"

"नका हो! बिचाऱ्यांनी भांडी घासलीत."

मग तिने घड्याळाकडे पाहिलं आणि हसू मावळलं. पुस्तक उचललं, एक ओळ वाचली, पुन्हा उपडं ठेवलं. "सांगा, उद्या काय आहे?"

उद्या नवा धडा होता. मला त्यातलं अक्षरही कळलं नव्हतं.

"उद्या येलवालला वीज नाही म्हणे," मी म्हणालो. "तास होणार नाही."

"खरंच?"

"हो. साकु, पुरे आता, तू वाच."

तिने पुस्तक ओढून घेतलं. इतक्या झटकन, की ती किती दिवस याची वाट पाहत होती ते मला कळलं. मी उठून बाहेर येऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी वीज होती. सगळे संगणक चालू करून मुलं माझ्याकडे बघत बसली होती. मी त्यांना कालचाच प्रोग्राम पुन्हा लिहायला सांगितला.

"सार, हा झाला की!"

"झाला असू दे," मी म्हणालो. "तिची परीक्षा संपेपर्यंत हाच करायचा."

कोणाची, ते न विचारता मुलं पुन्हा पेले विसळायला लागली.