उजव्या खोक्याची फळी

तळेऱ्याच्या तिठ्यावर, विजयदुर्गकडे रस्ता फुटतो तिथे, पत्र्याच्या छपराचे एक दुकान आहे. पाटीवर अजून ‘रेडिओ व टीव्ही दुरुस्ती’ असेच लिहिलेले आहे. आत हरिश्चंद्र परब स्पीकर करतो. दुकानात मिळतात तसले नव्हेत. लाकूड निवडून, खोका हाताने जोडून, आतली तार स्वतः गुंडाळून, वर्षाकाठी तीन किंवा चार जोड्या. पुण्याचे, बंगळूरचे लोक त्या मागवतात आणि सहा-सहा महिने वाट बघतात.

माझी नोकरी ओरोसला, हिशेब शाखेत. बारा वर्षांपूर्वी अ‍ॅम्प्लिफायर बिघडला म्हणून मी त्याच्याकडे गेलो, आणि तेव्हापासून महिन्यातला एक रविवार त्याच्या दुकानात जातो. पहिल्याच दिवशी त्याने मला खुर्चीत बसवले, गाणे लावले आणि विचारले, “गाणारी खंय उभी आसा?”

मी म्हणालो, “स्पीकरमध्ये.”

“स्पीकरात नाय ओ साहेब. डोळे मिटा.”

मी डोळे मिटले. बाई दोन्ही खोक्यांच्या बरोबर मधोमध, रिकाम्या भिंतीपुढे उभी होती. तिचा श्वास घेतलेला कळत होता. मी डोळे उघडले तर तिथे फक्त कॅलेंडर.

“दोनय खोके एका आवाजात बोलाक व्हये,” तो म्हणाला. “एक जरी वायलो बोललो, तर ती बाजूक सरता.”

गंमत अशी की त्याच्या स्वतःच्या घरी अशी जोडी नव्हती. केलेली प्रत्येक जोडी गिऱ्हाइकाकडे जायची. २०१६च्या वादळात गावच्या घरामागचा जुना फणस पडला, तेव्हा त्याने ठरवले की ही जोडी आपली. मृदंगाला फणस चालतो तर स्पीकरला का नाही, हे त्याचे म्हणणे. त्याने समोर उभे राहून ओंडका कापून घेतला. निघेल तशी एक फळी डाव्या खोक्याला, पुढची उजव्याला, त्याच्या पुढची परत डाव्याला. म्हणजे दोन्ही खोक्यांत झाड सारखे वाटले जाईल. प्रत्येक फळीवर त्याने पेन्सिलने ‘डा’ किंवा ‘उ’ लिहिले.

पत्र्याच्या दुकानात पावसाळ्यात ओल धरते. म्हणून फळ्या गावच्या घरी, चुलीवरच्या माळ्यावर ठेवल्या. धुराने कीड लागत नाही. त्या घरात धाकटा भाऊ गुरुप्रसाद आणि त्याची बायको संचिता राहतात. गुरुप्रसाद देवळाच्या कमिटीत आहे. आठ वर्षे हरिश्चंद्र गावी गेला की चहाच्या आधी माळ्यावर चढायचा आणि फळ्या उलटून ठेवायचा. संचिता खालून हसायची, “भावजी, फळयांका चाय देव काय आधी?”

आठव्या वर्षी त्याने ‘डा’च्या फळ्या आणल्या आणि चार महिने खपून डावा खोका पुरा केला. मी पाहिला आहे. सांधा कुठे आहे ते नखालाही कळत नव्हते. ‘उ’च्या चार फळ्या पावसाळा सरल्यावर आणायच्या होत्या.

त्या वर्षी गावच्या देवाची नवी पालखी झाली. जत्रेच्या आधी ती देवाला अर्पण करायची होती, म्हणून हरिश्चंद्र मलाही घेऊन गेला. मंडपात पालखी उपडी ठेवून सुतार शेवटचा हात फिरवत होता. हरिश्चंद्र कौतुकाने जवळ गेला, वाकला आणि तसाच राहिला. पालखीच्या तळाला, खालच्या अंगाला, पेन्सिलीचा ‘उ’ होता. शेजारच्या फळीवरही होता.

तो काही बोलायच्या आत पालखी सरळ झाली, माणसे गोळा झाली आणि मानकऱ्यांनी गाऱ्हाणे सुरू केले. कुणी काय दिले ते देवाच्या कानावर घालता घालता ते म्हणाले, “बा देवा म्हाराजा, तुझो ह्यो लेक हरिश्चंद्र, आठ वर्सा जीवापाड जपललो फणस त्येना तुझ्या पालखीक वाहिल्यान हा. ती सेवा मान्य करून घे रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” सगळा मंडप म्हणाला.

गाऱ्हाण्यात ज्याचे नाव येते त्याच्याकडे लोक बघतात. सगळे त्याच्याकडे बघत होते, कुणी कुणी हात जोडत होते. गुरुप्रसाद खांबाजवळ उभा होता. देवासमोर, गावासमोर, ‘मी दिले नाही’ असे कोण म्हणणार? हरिश्चंद्राचे ओठ हलले. आवाज मला ऐकू आला नाही.

बाहेर आल्यावर त्याने भावाला गाठले.

“माझ्या नावान कित्याक दिलंस?”

“मग कोणाच्या नावान देव? फळयो तुझ्यो. मान तुका गावलो मां?” गुरुप्रसाद म्हणाला. “दादा, देवाक दिलंय. इकूक नाय.”

“माका इचारूचा नाय?”

“इचारला असता तर देवाक नाय म्हटलं असतंस?”

“नाय. दिलंय असतंय.”

“मगे झाला तर!”

“नाय झाला,” हरिश्चंद्र म्हणाला. “दिलंय असतंय तर मी दिलंय असतंय. आता ‘मी दिलंय’ म्हणान माका देवाकय सांगूक येवचा नाय आणि तुकाय.”

संचिता चार पावलांवर उभी होती. ती एवढेच म्हणाली, “भावजी, मिया तुमका सांगूच्या इचारात होतंय.” हरिश्चंद्र तिच्याकडे वळला. “कधी?” गेल्या तीन खेपांना तो माळ्यावर चढू लागला की पावसाने शिडी निसरडी आहे, फळ्या बऱ्या आहेत, असे तिनेच त्याला खालून सांगितले होते. परतीच्या एसटीत त्याने मला हे सांगितले.

गावात आता त्याचा मान वाढला आहे. जत्रेत त्याला पालखीचा पहिला खांदा देतात. तो जातो, खांदा देतो, प्रसाद घेतो आणि भावाच्या घरी न जेवता परततो.

गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा उजवा खोका तयार होता. प्लायवूडचा. दुसऱ्या फणसाचा का नाही केला, असे मी विचारले, तर डाव्या खोक्यावर हात ठेवून म्हणाला, “तो फणस ह्येचो कोण?” त्याने मला खुर्चीत बसवून गाणे लावले. मी डोळे मिटले. बाई गात होती, सुंदर गात होती, पण मधोमध नव्हती. हातभर डावीकडे सरकली होती. दुसऱ्या कुणाला कदाचित कळलेही नसते, मला त्यानेच शिकवले म्हणून कळले.

मी म्हणालो, “हरिश्चंद्र, खुर्ची थोडी उजव्या खोक्याकडे घेतली तर जमेल, बाई मधोमध येईल.”

“जमात,” तो म्हणाला. “पण खुर्ची कित्याक हलवू? खुर्ची आपल्या जाग्यार आसा.”