तीन गावांची एक डिग्री

भोपाळच्या टाउनशिपमध्ये आमच्या पलीकडच्या क्वार्टरचे गृहस्थ कॉलेजात कारकून होते. कोणाचं शिक्षण अर्धवट राहिलेलं कळलं की त्यांना स्वस्थ बसवत नसे. पहिला प्रश्न ठरलेला, "पास कशाकशात झालात ते सांगा. बाकीचं नंतर बघू." बोलणं इतकं हळू की ऐकायला पंखा बंद करावा लागे.

माझं बी.ए.चं पहिलं वर्ष नागपूरला झालं, दुसरं हरिद्वारला. ह्यांची बदली होईल तिकडे मी जायची. शेजाऱ्यांनी विद्यापीठात खेटे घालून दोन्ही वर्षं इथे मान्य करून घेतली. शेवटची परीक्षा महिन्यावर आली आणि ह्यांची बढतीवर हैदराबादला बदली झाली. क्लबातल्या सत्काराचा हार गळ्यात ठेवूनच हे घरी आले.

"सामान बांधायला घे."

मला नोट्स द्यायला आलेले शेजारी खुर्चीच्या टोकावर बसले होते. म्हणाले, "साहेब, बदली तुमची झालीय. वहिनींची नाही."

ह्यांनी उठून पंखा बंद केला. "काय म्हणालात?"

त्यांनी तेच वाक्य तितक्याच हळू पुन्हा सांगितलं.

आठवड्याने ह्यांना एकट्याला गाडीत बसवून मी घरी आले, खुंटीवरचा वाळलेला हार काढला आणि समाजशास्त्र उघडलं.