इंदूताईंचा अर्धा तास

रत्नागिरीच्या कचेरीत रुजू झालो त्या दिवशी समोरच्या टेबलावरच्या बाई टेबलाखाली जपमाळ ओढताहेत असं मला वाटलं. चेहरा एकदम सरकारी. पावसचे एक म्हातारे बागायतदार कागदावर नाव चुकल्याची तक्रार तावातावाने सांगत होते, बाई मान डोलवत होत्या, मधूनच नेमका प्रश्न विचारत होत्या, आणि अर्धवट उघड्या खणात त्यांची बोटं सारखी हलत होती. बाई देवभोळ्या दिसतात, म्हणून मी मनातल्या मनात नमस्कारही करून टाकला. म्हातारे गेल्यावर त्यांनी खण पूर्ण उघडला. आत टाचण्यांची डबी, रबरी शिक्का आणि पातेलीभर भिजवलेले वाल. एकेका वालाचं साल काढून डाळिंब्या सोलणं चाललं होतं.

"संध्याकाळी बिरडं करायचंय," त्या म्हणाल्या. "साहेबांना सांगू नका. आणि सांगितलंत तरी त्यांना ठाऊक आहे."

ह्या इंदूताई साळवी. वय चाळिशीच्या अलीकडे, अंगाने काटक, चालणं असं की मागून येणाऱ्याला धाप लागावी. नवरा मुंबईत कामाला, गणपतीला आणि शिमग्याला यायचा. घरी सासूबाई आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. मी कराडकडचा, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव बाजूला ठेवून मला 'कराडकर' करून टाकलं. पुढे तीन वर्षं अख्ख्या कचेरीत मला त्याच नावाने हाका मारत होते. पगारपत्रकावरचं माझं खरं नाव वाचून हा कोण नवा आला, असं एकदा खुद्द साहेबांनीच विचारलं होतं.

इंदूताईंच्या घरी दोन्ही वेळा ताजा स्वयंपाक व्हायचा, आणि तो त्यांच्याच हातचा. सकाळी पाचला उठून भाकऱ्या, कालवण, मुलींचे डबे. संध्याकाळी पावणेसहाला कचेरी सुटली की वाटेत मासळी घेऊन घरी, आणि पुन्हा चूल. शिळं नाही, बाहेरचं नाही. नोकरीचा कागद हातात आला तेव्हा सासूबाईंनी घातलेली ही अट होती म्हणे. "नोकरी कर, पण माझ्या घरची चूल परक्या हातात जायची नाय, नि नातींच्या पानात शिळं पडायचं नाय." अकरा वर्षं इंदूताईंनी ती अट पाळली होती. सासूबाई स्वतः चांगल्या धडधाकट होत्या, पण त्यांना साधं तांदूळ निवडायलाही इंदूताई बसू देत नसत. दिलेला शब्द म्हणजे दिलेला शब्द.

एवढ्या सगळ्याला वेळ कसा मिळतो, असं मी एकदा विचारलं. मी तेव्हा खानावळीत जेवत होतो आणि तिथली आमटी माझ्याकडे बघून हसते असं मला वाटू लागलं होतं.

"वेळ मिळतो होय कुणाला?" त्या म्हणाल्या. "तो खवून काढायचा, नारळासारखा. करवंटीला चिकटलेला थोडा असतोच की."

सगळी कामं त्या अर्ध्या तासाच्या मापाने मोजत. "अर्धा तास म्हणजे काय थोडा झाला? अर्ध्या तासात बांगड्याचं कालवण होतं, भात होतो, वर एक मुलगी पाढे म्हणून दाखवते." दुपारच्या सुट्टीत लसूण सोलून व्हायचा, साहेबांच्या केबिनबाहेर वाट बघताना कोथिंबीर निवडून व्हायची. आमच्या आवक-जावकच्या वह्यांना त्या काळात थोडा स्वयंपाकघराचा वास होता हे मी आता कबूल करतो.

पण एक गोष्ट काही त्यांच्या अर्ध्या तासात बसत नव्हती. खात्याची परीक्षा. ती पास झाल्याशिवाय हेडक्लार्क होता येत नसे, आणि ती द्यायला दोन दिवस कोल्हापूरला जावं लागे. पहिल्या वेळी त्या एसटी स्टँडवरून परत आल्या; दोन दिवस घरी चूल कोण पेटवणार, हा विचार गाडीत चढू देईना. दुसऱ्या वेळी नेमके पाहुणे आले. आता चौऱ्याऐंशी साली तिसरी आणि शेवटची संधी होती. ही गेली की त्यांच्यामागून लागलेली पोरं त्यांच्या डोक्यावर साहेब होऊन बसणार होती, आणि त्या निवृत्त होईपर्यंत कारकूनच राहणार होत्या. इंदूताई हे हसत सांगत, पण त्या हसण्यात काही दम नसे.

त्या वेळी परीक्षेला मीही बसणार होतो. मी खोलीवर पडून वाचायचो. त्या पाट्यावर वाटण वाटताना नियमांचं पुस्तक समोर भिंतीला टेकवून ठेवायच्या. त्यांच्या पुस्तकात रजेच्या नियमांची सगळी पानं हळदीने पिवळी झाली होती. "अर्जित रजा पाठ झाली," त्या एके दिवशी म्हणाल्या, "पण त्या नादात कालवणात मीठ दोनदा पडलं." डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं होतं. भर दुपारी टेबलावर पेंगताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

श्रावणातली गोष्ट. मी सोलकढी कधी प्यायलेलो नाही हे कळल्यावर इंदूताईंना माझी दया आली. "कोकणात येऊन वर्ष झालं आणि कढी नाही? आज संध्याकाळी घरी या." पावसची एक बाई त्यांना कढीसाठी कोकमाचं आगळ, म्हणजे मीठ घातलेला लाल रस, आणून द्यायची, औषधाच्या रिकाम्या बाटलीत. तसल्याच दुसऱ्या बाटलीत कचेरीची लाल शाई असे; पुडी पाण्यात विरघळवून ती त्याच करत. दोन्ही बाटल्या त्या दिवशी त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी होत्या. दुपारी त्यांनी दौत भरली, तिमाही तक्त्यावर लाल रेघा आणि बेरजा घातल्या, तक्ता साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि राहिलेली बाटली पिशवीत टाकून आम्ही निघालो.

घरी पोचल्यावर त्यांचा अर्धा तास सुरू झाला. मुली पाढे म्हणत होत्या, सासूबाई पाटावर बसून माझी चौकशी करत होत्या. बरोबर तिसाव्या मिनिटाला माझ्यापुढे ताट आणि वाटीभर लालभडक कढी आली. मी घोट घेतला. चव जरा विचित्र होती, पण दुसऱ्याच्या घरी आपलं अज्ञान कशाला दाखवा?

"छान झालीय," मी म्हणालो, आणि हसलो.

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगो इंदू, ह्याचे दात बघ गो!"

इंदूताईंनी बघितलं, वाटी उचलून वास घेतला आणि मटकन खाली बसल्या. "शाई," त्या म्हणाल्या. मग एकदम दुसरं आठवलं असावं. "अगो बाई! म्हणजे तक्ता आगळाने लिहिला!" आणि त्या हसायला लागल्या. आम्हीही हसलो. मुली तर लोळल्या. थोड्या वेळाने लक्षात आलं की इंदूताई हसत नाहीयेत, पदर तोंडात कोंबून रडताहेत.

"आई, मला नाही हो झेपत आता," त्या म्हणाल्या.

"मग एकटी कशाला करतंस? मी काय मेलंय?"

"तुम्हीच म्हणाला होतात. चूल परक्या हातात जायची नाय."

"मी? कवा?"

"नोकरीचा कागद आला तेव्हा."

सासूबाईंनी आठवून पाहिलं. अगदी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "असंल बोललंय," त्या शेवटी म्हणाल्या, "तवा राग आला असंल कसला तरी. मला नाय गो आठवत. आणि मी काय परकी? तू मला चुलीपाशी येवच देत नव्हतीस. मला वाटलं, माझ्या हातचं तुला आवडत नाय."

मी लाल दातांनी भात चिवडत बसलो. अकरा वर्षं एका घरात दोन बायका एकमेकींचा मान राखत होत्या, आणि दोघींनाही मनातून वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तक्ता बघण्यासारखा झाला होता. आगळातल्या मिठाने रात्रभर दमट हवा पिऊन घेतली होती. रेघा पसरल्या होत्या, पानं एकमेकांना चिकटली होती. साहेबांनी लेखी खुलासा मागितला. इंदूताईंनी लिहून दिलं, "सदर रेघा शाईच्या नसून कोकमाच्या आगळाच्या आहेत. अनवधानाने घडले. क्षमस्व." साहेबांनी तो दोनदा वाचला.

"ह्याला पुरावा काय, बाई?"

"कराडकरांचे दात, साहेब."

मला केबिनमध्ये बोलावून दात दाखवायला लावलं. साहेब इतके हसले की त्यांनी खुलासा फाडून टाकला आणि तक्ता दोन दिवसांत नव्याने करायला सांगितला. परीक्षेसाठी इंदूताईंचं नाव त्यांनी त्याच दिवशी वर पाठवलं.

इंदूताई मात्र आठवडाभर घुश्शात होत्या. "ज्या वाक्याला मी स्वतःला बांधून घेतलं, ते बोलणारीला आठवतसुद्धा नाही. सांगा, आता रागवायचं तरी कुणावर?"

पुढचं थोडक्यात सांगतो. त्या पास झाल्या, मी नापास झालो. त्या हेडक्लार्क झाल्या, मग बदली होऊन चिपळूणला गेल्या, आणि निवृत्तीनंतर थोड्याच वर्षांत वारल्या. तेव्हा मी गावाकडे होतो, मला कळलं ते महिन्याने. त्या दिवशी मी माझ्या हाताने बिरडं केलं, अख्खी दुपार वाल सोलत बसलो आणि पोटभर रडलो.

पण मला त्या दिसतात त्या कोल्हापूरच्या गाडीत. दसरा होऊन गेला होता. पहाटे स्टँडवर सासूबाई आल्या, चालून आलेल्या, धापा टाकत. त्यांनी खिडकीतून फडक्यात बांधलेला डबा आत दिला आणि "नीट लिव गो" एवढंच म्हणाल्या. हातखंबा मागे पडला, साखरपा आलं, गाडी आंबा घाट चढून वर आली, तेव्हा इंदूताईंनी फडकं सोडलं. तांदळाच्या भाकऱ्या, कडेने जरा करपलेल्या, आणि सुक्या जवळ्याची चटणी. डबा उघडला की आधी शेजाऱ्यापुढे धरायचा, ही तिकडची रीत. इंदूताईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला आणि चावता चावता थांबल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"चटणी तिखट आहे का?" मी विचारलं.

"नाही हो," त्या म्हणाल्या, "आयतं आहे."

आणि पदराने डोळे पुसून त्यांनी दुसरी भाकरी घेतली.