वाळवीचा डेक

माझ्या नवऱ्याला पॅक फोडायला आवडतं आणि मला डेक बांधायला. लग्नानंतर बरीच वर्षं मला वाटायचं की ही आमची जोडी छान जमली आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. बाजारात चकचकीत बंद पाकिटं मिळतात, त्यांना पॅक म्हणतात. आत चित्रांचे पत्ते असतात: प्राणी, राक्षस, शस्त्रं, मंत्र. कुठला पत्ता निघेल हे फोडल्याशिवाय कळत नाही. जमलेल्या पत्त्यांमधून निवडून आपली गड्डी लावायची, तिला डेक म्हणतात, आणि समोरच्याच्या डेकशी लढायचं. पुण्याला शेतकी कॉलेजच्या होस्टेलवर असताना नवरा हे शिकला. मी वणीची, गणित घेऊन बीएस्सी केलेली, वडील कोळसा खाणीच्या ऑफिसात. लग्न होऊन उमरखेडला आले तेव्हा त्याने पहिल्याच आठवड्यात मला हा खेळ शिकवला. सासूबाईंनी दारातूनच पाहिलं आणि म्हणाल्या, "सून बी पत्ते खेळून राह्यली काय?" आमच्याकडे पत्ते म्हटलं की जुगार. त्यांची समजूत काढायला बराच काळ गेला.

एक सांगून टाकते. समोर मी त्याला 'तुम्ही' म्हणते, कितीही राग आला तरी ते सुटत नाही. इथे मात्र 'तो' लिहिणार आहे.

त्याचं कृषी केंद्र आहे, बियाणं आणि खताचं. पॅकचं कुरिअर तिथेच यायचं. दुपारी तो जेवायला घरी आला की खोकं घेऊन यायचा आणि भाजी थंड होत असताना तक्तपोसावर, म्हणजे लाकडी पलंगावर, मांडी घालून पॅक फोडायला बसायचा. आधी पॅक कानाशी धरून हलवायचा, मग दातांनी कोपरा फाडायचा. सगळ्यात शेवटचा, चमकणारा पत्ता तेवढा बघायचा. चांगला निघाला तर घरभर नाचवायचा. बाकीचे पत्ते तिथेच टाकून उठायचा. मी ते गोळा करायचे. पॅकचे कागद केराच्या टोपलीत आणि पत्ते माझ्याकडे.

त्या टाकलेल्यांमध्ये वाळवीचा पत्ता सारखा निघायचा. वाळवी कुणाशी लढू शकत नाही, एका फटक्यात मरते. पण ती खाली ठेवली की समोरच्याच्या गड्डीतले वरचे काही पत्ते बाद होतात. आणि या खेळात ज्याची गड्डी आधी संपली तो हरला. नवरा वाळवीला कचरा म्हणायचा. मी विचार केला, एक वाळवी कचरा असेल, पण वाळवी कधी एक असते का?

तो डेक मी जवळजवळ एक पावसाळाभर बांधला. बांधायचा, खेळून बघायचा, मोडायचा. सरावाला धाकटी जाऊ असायची. तिला सुरुवातीला काही कळायचं नाही, पण माझ्यापेक्षा तिला संयम जास्त. डेक बांधणं म्हणजे काय घालायचं ते नाही, काय काढायचं ते. आवडता पत्ता हातात धरून, तू मला फार आवडतोस पण तुझं इथे काम नाही, असं म्हणता आलं पाहिजे. हे वाक्य मी एकदा मेथी निवडताना जावेला सांगितलं होतं. नवरा तिथेच मोबाइल बघत बसला होता.

डेक तयार झाला आणि मी रविवारमागून रविवार त्याला हरवत गेले. त्याचे चमकणारे राक्षस मैदानात यायच्या आधी गड्डीतच संपून जायचे. तो वैतागायचा. "याले खेळणं म्हणते काय? समोरच्याले काही करूच देत नाही." मी म्हणायचे, "मग अडवा ना मले."

नागपूरला स्पर्धा आहे असं त्याला फोनवर कळलं. मी म्हटलं, माझंही नाव द्या. तो म्हणाला, दिलं. इतकं साधं बोलणं झालं होतं, म्हणून मला ते नीट आठवतं.

पहाटे उठून मी डबा केला, दोघं एसटीने निघालो. आर्णी, यवतमाळ, वर्धा करत नागपूर. बसमध्ये मी मनातल्या मनात डेक चालवत होते. स्पर्धा एका कॉफीच्या दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये होती. टेबलाशी बसलेल्या मुलाने यादीत नवऱ्याचं नाव शोधून खूण केली. माझं नाव त्याला सापडेना.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "एकच नाव देल्लं मी. म्हटलं दिवसभर बसून तू थकशीन."

"तुमी तं दिलं म्हटलं होतं."

"अव, आपलं दोघांचं एकच नं."

टेबलावरच्या मुलाने सांगितलं की आता जागा नाही. मी तिथे हुज्जत घातली नाही, कारण माझ्या मागे रांग होती आणि मला रडायला येईल अशी भीती वाटत होती. रागाने मला आधी रडायलाच येतं, आणि ते बघितलं की लोक समजतात बाई दुखावली. मी दुखावलेली नव्हते. मी संतापले होते.

नवऱ्याने हॉलमध्ये एक फेरी मारली. सगळ्यांकडे मोठमोठे राक्षस आणि ड्रॅगन. तो परत येऊन माझ्या पर्सकडे बघत म्हणाला, "तुह्यावाला डेक दे नं. इथं कोनापाशीच असा डेक नाही." मी दिला. मला खेळता येत नव्हतं, निदान माझा डेक तरी खेळावा असं वाटलं.

त्याच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी दिवसभर बघत राहिले. तो चुका करत होता. वाळवी घाईने खाली ठेवायचा, थांबायचं तिथे थांबायचा नाही. पण समोरच्यांनी असं काही पाहिलेलंच नव्हतं. त्यांच्या गड्ड्या संपत गेल्या. एकाने तर आपली गड्डी उचलून बघितली, खाली काही चिकटलंय का म्हणून. संध्याकाळी माझा नवरा स्पर्धा जिंकला.

लोक जमले. चष्मा लावलेली एक मुलगी मोबाइल समोर धरून, व्हिडिओ काढत म्हणाली, "सर, ही आयडिया कशी सुचली?"

त्या क्षणी तो मागे वळेल अशी मी खरंच वाट बघत होते. तो वळला नाही. तो म्हणाला, "डेक बांधणं म्हणजे काय घालायचं ते नाही, काय काढायचं ते. आवडता पत्ता हातात धरून त्याला नाही म्हणता आलं पाहिजे."

माझं वाक्य. माझ्या मेथीच्या जुडीवरचं.

मग त्याने मला पुढे ओढलं. "आणि या आमच्या मिसेस. पहाटे उठून डबा केला यांनी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डब्यासाठी.

मी म्हणाले, "डेक माझा आहे. मी बांधलाय."

मोठ्याने म्हणाले, स्पष्ट म्हणाले. नवरा हसला. "हो हो, घरातलं सगळं तिचंच आहे. मी पण तिचाच." हॉल हसला. चष्म्यावाली मुलगीही हसली आणि तिने मोबाइल खाली घेतला. खरं बोललं की लोक अंगावर येतात, हे मी ऐकून होते. त्याची तयारी ठेवता येते. पण खरं बोलल्यावर लोक लाडाने हसतात, याचं काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे बसले. बुटीबोरी मागे पडेपर्यंत तो खुशीत फोनवर बोलत होता. मग त्याला माझी आठवण झाली.

"काहून गप्प आहे?"

"मले एक सांगा. त्या डेकात मी एकबी राक्षस काहून नाही ठेवला?"

"वाळवीच पुरते म्हणून."

"नाही. राक्षस ठेवला असता तं त्याच्यासाठी ताकदीचे पत्ते ठेवा लागले असते, आणि तेवढ्या वाळव्या कमी झाल्या असत्या. तुमाले माहीतच नाही तुमी काय खेळून राह्यले होते."

"बरं, नाही माहीत. पण जिंकलो नं? नाव आपल्याच घराचं झालं."

"माह्यं नाव काय आहे?"

"म्हणजे?"

"तिथं कोनाले माह्यं नाव समजलं?"

"हळू बोल, लोकं पाहून राह्यले." एवढंच बोलून तो डोळे मिटून टेकला. यवतमाळच्या स्टँडवर त्याने माझ्यासाठी भजी आणली. मी ती घेतली नाही, त्याने दोन्ही पुड्या संपवल्या.

घरी सासूबाईंनी त्याला ओवाळलं. पत्ते म्हणजे जुगार हे त्या विसरून गेल्या होत्या. तो व्हिडिओ उमरखेडपासून ढाणकीपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरला. दुकानात येणारे लोक त्याचं अभिनंदन करू लागले, त्यांना खेळ काय आहे हे विचारायचीही गरज वाटली नाही.

मी डेक मोडला. प्रत्येक पत्ता त्याच्या प्लास्टिकच्या कव्हरातून काढला आणि मोठ्या खोक्यात, हजार पत्त्यांमध्ये मिसळून टाकला. माझ्या डोक्यात तो पूर्ण आहे. नवऱ्याला हवा असेल तर त्याने बांधावा. रविवारी त्याने विचारलं, "डेक कुठी आहे?" मी म्हटलं, "तुमचाच आहे नं, बांधा." त्याने प्रयत्न केला. वाळव्या गोळा केल्या, पण मध्येच त्याचा हात राक्षसाकडे जायचा. मग त्याने नवीन पॅक मागवले, जणू तो डेक एखाद्या पॅकमधून निघणार होता.

पण झालं भलतंच. कुणीतरी त्या स्पर्धेतल्या डावांचे व्हिडिओ थांबवून थांबवून माझा अख्खा डेक उतरवून काढला होता आणि इंटरनेटवर टाकला होता. वर नवऱ्याचं नाव. त्याने तो मोबाइलवर बघून जसाच्या तसा लावला आणि मला दाखवायला आला. माझंच काम परक्या माणसाच्या हातून, नवऱ्याच्या नावाने, माझ्या घरात परत आलं होतं. त्याला त्यात काहीच चुकीचं दिसत नव्हतं. "पाह्य, बरोबर लागला की नाही?" त्याने मला विचारलं. मी स्वयंपाकघरात निघून गेले आणि कणीक इतकी मळली की जाऊ म्हणाली, "ताई, आता राहू द्या."

पुढे अमरावतीला स्पर्धा होती. या वेळी नाव मी स्वतः दिलं, आलेला मेसेज जपून ठेवला, आणि जावेला घेऊन गेले. वाळवीचा डेक नेला नाही, कारण आता तो ज्याच्या त्याच्याकडे होता आणि त्याला अडवायचं कसं हेही सगळ्यांना कळलं होतं. मी नवा डेक बांधला. पहिली फेरी जिंकले. दुसऱ्या फेरीत समोरचा माझं आडनाव बघून म्हणाला, "अच्छा, सरांच्या मिसेस का? सरांनी बांधून दिला असेल डेक." मी त्याला हरवलं आणि मला आनंद झाला नाही. तिसऱ्या फेरीत मी हरले. कॉलेजातल्या एका मुलीने हरवलं. हरवल्यावर ती माझ्या डेककडे बोट दाखवून म्हणाली, "हे दोन पत्ते एकत्र काहून ठेवले तुम्ही? मी असं कधी पाह्यलं नाही." हा प्रश्न नागपूरलाही मला कुणी विचारला नव्हता. मी इतका वेळ बोलत राहिले की आमची बस चुकली. जावेने चहा आणला.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "कितवी आली?"

"तिसऱ्या फेरीत हरली."

"माह्यावाला डेक नेला असता तं जिंकली असती."

माह्यावाला. तो चिडवत नव्हता. तेच वाईट होतं. त्याला ते खरंच वाटायला लागलं होतं.

मी चप्पलही काढली नव्हती. म्हटलं, "उद्या मी दुकानात येऊन बसते. जे लोकं तुमचं अभिनंदन करतात, त्यायच्यासमोर तुमी सांगा डेक कोणाचा आहे ते." त्याला वाटलं मी येणार नाही. मी गेले. सकाळभर बसले. तो बियाण्याची पाकिटं उगाच इकडून तिकडे लावत होता. शेवटी एक गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, "भाऊ, तुमचा व्हिडिओ पाह्यला." नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मान खाली घातली आणि म्हणाला, "तो डेक माह्या बायकोनं बांधला होता."

"बरं, बरं," गिऱ्हाईक म्हणालं. "डीएपी खत आलं काय?"

नवरा माझ्याकडे असा बघत होता, जणू काम संपलं. मी म्हटलं, हे नाही चालत. जसं तिथे मोबाइलसमोर बोललात, तसंच मोबाइलसमोर सांगा. तो म्हणाला, सोयाबीनचा हंगाम होऊ दे, मग करतो. सोयाबीन झालं. आता कापूस चालू आहे. मी पुन्हा विचारलेलं नाही, आणि त्याच्याशी खेळतही नाही. रविवारी जाऊ आणि मी बसतो. तिने परवा स्वतःचा पहिला डेक बांधला, फार वाईट आहे, आणि त्यातला एकही पत्ता काढायला ती तयार नाही. मी तिला काही सांगितलं नाही. नागपूरच्या पुढच्या स्पर्धेला मात्र आम्ही दोघींनी नावं दिली आहेत, वेगवेगळी.