समोर सवलतवालं मेडिकल आलं तेव्हा

औषधाच्या धंद्यात एक्स्पायर झालेला माल कंपनी परत घेते. किस्से मात्र कोणी परत घेत नाही, ते साठतच जातात! कोपरीत एका गल्लीत आमची तीन मेडिकल: मी, भोईरदादा आणि सगळ्यात जुने जोशीकाका. दुपारचा चहा रोज काकांकडे. समोर एका मोठ्या कंपनीचं दुकान उघडलं आणि किस्से भराभर जमायला लागले.

*

आम्ही ज्या भावात माल घेतो, त्याच्याही खाली ते विकायला लागले. भोईरदादाने डोकं चालवलं. "आपण त्यांच्याकडूनच माल भरू! होलसेलवाल्यापेक्षा सस्ता हाय!"

आम्ही खो खो हसलो. काका हसले नाहीत. "हसताय काय? खरंच आहे ते."

*

एकदा ड्रग इन्स्पेक्टर आले. काकांचा फ्रिज, लायसन्स, बिलं, सगळं तपासलं. मी म्हटलं, "साहेब, ॲपवरून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या घरपोच मिळतात. त्यांचं काय?"

साहेब फ्रिजचं दार लावत म्हणाले, "ॲपला दार कुठे असतं? मी आत शिरू कुठून?"

*

मग आम्ही सरकारी ऑफिसात तक्रार घेऊन गेलेलो. तोट्यात विकून आम्हाला संपवतायत, म्हणून.

अधिकारी म्हणाले, "तोटा त्यांचा, फायदा ग्राहकाचा. तुमचं काय जातं?"

"आम्ही संपलो की ते भाव वाढवतील," काका म्हणाले.

"मग वाढवल्यावर या!"

"तेव्हा येणार कोण, साहेब?"

*

भोईरदादाचा गाळा स्वतःचा. त्याने तो सरळ मोमोवाल्याला भाड्याने दिला. "सुटलो! आता चिठ्ठी नाय, इन्स्पेक्टर नाय!"

पण दुपारी चहाला यायचा, तेव्हा काकांच्या कपाटातल्या सिरपच्या बाटल्या उगाच सरळ करत बसायचा.

*

शेवटी काकांनीही शटर ओढलं. वडिलांच्या वेळचं दुकान! घरी काकू आजारी, बसून चालणार नव्हतं. समोरच्यांना फार्मासिस्ट हवाच होता. काका त्यांचा हिरवा टी-शर्ट घालून त्यांच्याच काउंटरवर उभे राहिले.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम गेलो. तेवढ्यात काकांच्या जुन्या गिऱ्हाईक म्हात्रेआजी आल्या. काकांना बघून एकदम खुलल्या.

"बरं झालं हो जोशी, शेवटी तुम्ही पण भाव कमी केलेत!"

काकांनी गोळ्यांची पट्टी कापली, पाकिटात घातली.

"हो आजी. जरा उशीरच झाला."