काकांच्या स्लॅबवरून आलेली लाइन

बाबांना लकवा मारल्यावर काही महिन्यांत त्यांचा उजवा पाय जमिनीला नीट टेकायला लागला, हातही छातीपर्यंत वर जायला लागला. बोलणं मात्र परत आलं नाही. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, बोलण्याचे व्यायाम वेगळे असतात. ते शिकवणाऱ्या एक बाई नागपूरला आहेत आणि त्या व्हिडिओ कॉलवरूनही शिकवतात. पुन्हापुन्हा नागपूरच्या खेपा करणं आम्हाला शक्यच नव्हतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी एकुलती एक. आसेगावच्या पुढे एका शाळेत शिकवते, आणि घरी आम्ही दोघंच. म्हणून व्हिडिओ.

आमच्या गावात मोबाइलला व्हिडिओपुरती रेंज मिळते ती स्लॅबवर, आणि तीही पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसलं तर. खाली घरात फोन नुसता दगड. त्यामुळे मी शाळेतून आले, की बाबांना धरून जिना चढवायची. ते डावा पाय वर ठेवायचे, उजवा ओढून घ्यायचे, थांबायचे. वर पोचेपर्यंत दोघांनाही धाप लागलेली. स्लॅब दिवसभर तापलेला असायचा. त्यावर सतरंजी, सतरंजीवर खुर्ची, आणि फोन मी हातात धरलेला, कारण फोन जरा सरकला की रेंज जायची.

नागपूरच्या बाई समजूतदार होत्या. "आजोबा, माझ्या ओठांकडे बघा. प. प. पाणी." बाबा ओठांकडे बघायचे आणि नेमकं तेव्हाच चित्र गोठायचं. ओठ अर्धवट उघडे, डोळे मिटलेले. मग आवाज यायचा, चित्र नाही. मग चित्र यायचं, आवाज नाही. एकदा बाबांनी खूप जोर लावून, मान ताठ करून, "पा" म्हटलं. स्वच्छ. मी ऐकलं. बाईंना ते गेलंच नाही. स्क्रीनवरचं चाक फिरत राहिलं आणि थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, "आजोबा, प्रयत्न करा. म्हणा ना." बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्या दिवशी मग काहीच झालं नाही. खाली उतरताना त्यांनी माझा हात धरला नाही, कठडा धरला.

बाबांना हे जास्त लागायचं, कारण त्यांची सगळी उमर आवाजावर गेली होती. मंगरूळच्या बाजारात एका जैन शेठजींच्या अडतीवर ते हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारायचे. सोयाबीनच्या, तुरीच्या ढिगामागून ढीग, व्यापाऱ्यांचा घोळका, आणि त्यावरून जाणारा बाबांचा आवाज. शेठजी म्हणायचे, याला भोंगा लागत नाही. घरीसुद्धा ते हळू बोलत नसत. गल्लीच्या टोकाला असताना आम्हाला कळायचं, बाबा आले.

तेव्हा घरात फायबरचं इंटरनेट घ्यायचं ठरवलं. आसेगावपर्यंत लाइन आली होती हे माहीत होतं. त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती आमच्या गावात ग्रामपंचायतीजवळच्या खांबापर्यंत आली. मी मंगरूळला ऑफिसात जाऊन नाव दिलं. तिथला माणूस म्हणाला, दोन-चार दिवसांत होऊन जाईल. मग सुरू झालं फोन करणं. "ताई, उद्या येतो." "ताई, आज मानोऱ्याकडे आहे, परवा पक्कं." "ताई, मशीन बिघडलं." ज्या दिवशी येतो म्हणायचा त्या दिवशी मी रजा टाकायची, आणि दिवसभर फाटकाकडे कान लावून बसायची. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलंसुद्धा, "मॅडम, कोनी पाहुने येऊन राह्यले काय तुमच्याकडे?"

शेवटी लाइनमन आला तो मी रजा न घेतलेल्या दिवशी. समोरच्या घरातून फोन आला म्हणून मी तासिका सोडून आले. चाळिशीचा, घामाघूम माणूस. शिडी मोटरसायकलला बांधलेली. बोलताना एक कान सतत फोनला. त्याने खांबाकडे पाहिलं, आमच्या घराकडे पाहिलं, आणि मान हलवली.

"ताई, इतक्या लांबून वायर झोल खाते. ट्रॅक्टर गेला, की तुटलीच समजा. मधात कुठी तरी अडकोवा लागते."

मधे एकच घर होतं. काकांचं.

काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, बाबांपेक्षा लहान. भिंतीला भिंत लागून घर. पण कित्येक वर्षं दोन्ही घरांचं बोलणं नव्हतं. भांडण नालीचं. आमच्या मोरीचं पाणी त्यांच्या आंगणात उतरायचं. त्यावरून एका सकाळी सुरू झालं आणि बाबा त्यांच्या त्या बाजारातल्या आवाजात काकांना जे बोलले, ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. काकांचे नवे व्याही तेव्हा घरात बसलेले होते. नंतर नाली बांधून झाली, पाणी वळलं, पण बोलणं बंद ते बंदच. काकी मला कुठे एकटी भेटली तर बोलायची, तेवढंच. बाबा आजारी पडले तेव्हा काका दवाखान्यात आले नाहीत.

मी लाइनमनला विचारलं, "दुसरीकून नाही नेता येत का?"

"मांगून नेता येईन, पन खांब गाडा लागतीन. कंपनी एका घरासाठी खांब नाही देत." त्याने फोन खिशात टाकला. "तुमी त्याहिले इचारून ठेवा. मंग मले सांगा." आणि गेला.

संध्याकाळी मी काकांकडे गेले. काकीने पाणी दिलं. काका ओट्यावर कुऱ्हाडीचा दांडा तासत बसले होते. मी सगळं सांगितलं. वायर बारीक असते, विजेची नसते, धोका काही नाही, नुसती स्लॅबच्या कोपऱ्याला एक कडी. बाबांच्या व्यायामासाठी पाहिजे. काकांनी तासणं थांबवलं नाही.

"तुह्या बापाले सांग, त्यानं सोता याव."

"काका, त्याहिले बोलता येत नाही."

"मले मालूम हाय."

मी उठून आले. राग असा आला होता की फाटक लावायलाही थांबले नाही. पण तो राग कुठे नेऊन ठेवायचा, हे मला कळत नव्हतं. कामं पडलेली होती. पोळ्या व्हायच्या होत्या, बाबांचं औषध व्हायचं होतं. पेपर तपासायला आणले होते ते तसेच. मी बाबांना काही सांगितलं नाही. पण आमच्या दोन घरांमधली भिंत काही जाड नाही, आणि बाबांचे कान चांगले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते, तेव्हा बाबा समोर येऊन उभे राहिले. टोपी घातलेली. सदऱ्याची बटणं त्यांनी डाव्या हाताने स्वतः लावली होती, एक वर एक खाली. काठी हातात. मी म्हटलं, "कुठी जाता?" त्यांनी काठीने भिंतीकडे दाखवलं.

मी नको म्हटलं. ते निघालेच. मी मागे मागे गेले. पडले तर धरायला कोणीतरी पाहिजे होतं.

काका ओट्यावरच दांडा तासत होते. त्यांनी बाबांना आंगणात येताना पाहिलं, आणि उठले नाहीत. बाबा ओट्याच्या पायरीशी थांबले. सगळ्या गल्लीला हे दिसत होतं. समोरच्या दारात दोघीजणी हातातलं काम ठेवून उभ्या राहिल्या.

"काय म्हनते?" काकांनी विचारलं.

मी म्हटलं, "वायरसाठी आले, काका. तुमीच म्हनलं होतं ना..."

"मी तुले नाही इचारून राह्यलो. त्याले इचारून राह्यलो."

बाबांनी तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. ओठ एका बाजूला गेले. काहीच आलं नाही. त्यांनी काठी घट्ट धरली, पुन्हा तोंड उघडलं. मला वाटलं आता पडतील. मी पुढे झाले, तर त्यांनी कोपराने मला मागे ढकललं. आणि मग त्यांच्या तोंडून आवाज आला, मोठा, पूर्वीसारखा:

"एक वार... दोन वार..."

हर्रासाचे शब्द. नागपूरच्या बाईंनी मला सांगितलं होतं की असं होतं. माणूस जे आयुष्यभर घोकत आला ते कधीकधी आपोआप बाहेर येतं, आणि जे म्हणायचं असतं ते आतच राहतं. बाबांनाही कळलं, की हे ते नाही. त्यांनी मान जोरात हलवली, पुन्हा प्रयत्न केला, आणि पुन्हा तेच आलं. "एक वार... दोन..." मग ते थांबले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. एक काठीत, दुसरा छातीच्या वर जात नव्हता.

काकांच्या हातातून दांडा खाली पडला. ते उतरून आले, बाबांच्या समोर उभे राहिले. मग आतून खुर्ची ओढून आणली.

"बस दादा," ते म्हणाले. "बस. बस आता."

काकीने आतूनच रडत चहा ठेवला. बाबा बसले. काकांनी स्वतःच्या दुपट्ट्याने त्यांचं तोंड पुसलं, जरा जोरातच, लहान पोराचं पुसावं तसं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "लावू दे वायर. पन स्लॅबले भोक पाडू नोको म्हन त्याले, पानी झिरपते."

मला त्या वेळी आनंद झाला असं म्हणता येणार नाही. मला शाळेला उशीर झाला होता, आणि बाबांना परत घरी नेऊन बसवायचं होतं. रडू आलं ते शाळेत, तिसऱ्या तासाला, फळ्याकडे तोंड असताना.

यानंतर लाइनमनने पुन्हा बरेच दिवस लावले. कधी पाऊस, कधी कुणाचं लग्न. पण आता भिंतीवरून काकांचा आवाज यायचा, "आला काय वं तुहा वायरवाला?" मी नाही म्हटलं, की ते लाइनमनला दोन शिव्या द्यायचे. एक दिवस त्यांनी माझ्याकडून नंबर घेऊन स्वतःच फोन केला. काय बोलले माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तो आला. काकांच्या स्लॅबच्या कोपऱ्याला, भोक न पाडता, पट्टी आवळून त्याने कडी बसवली. काका शिडी धरून खाली उभे होते. काळी वायर खांबावरून त्यांच्या घरावर आणि तिथून आमच्या खिडकीतून आत आली. भिंतीवरच्या पेटीत आधी लाल दिवा लागला, मग बराच वेळ मिचकावून हिरवा. लाइनमन म्हणाला, "चालू झालं, ताई," आणि चहासाठीही थांबला नाही.

पहिला व्यायाम घरातच झाला. बाबा पलंगावर, वर पंखा, समोर स्टुलावर फोन. बाईंचा चेहरा इतका स्वच्छ दिसला की त्यांच्या मागच्या कपाटावरची धूळसुद्धा दिसत होती. त्यांनाही बाबा पहिल्यांदाच नीट दिसले. त्या म्हणाल्या, प. बाबा म्हणाले, ब. पुन्हा प. पुन्हा ब. मग नुसती हवा. चित्र गोठलं नाही, आवाज तुटला नाही. त्या तासात काहीही अडलं नाही, आणि तरी काही झालं नाही. इतके दिवस मी मनाशी धरून होते, की नेट नीट आलं असतं तर बाबा एव्हाना बोलले असते. आता मनाशी धरायला तेही राहिलं नाही.

मध्ये एकदा वांदरांनी वायर तोडली. वांदरांची टोळी लिंबावरून काकांच्या स्लॅबवर उतरते, आणि त्यांना ती वायर झोक्यासारखी वाटली असावी. काका काठी घेऊन त्यांच्या मागे धावले, पण तोवर ती रस्त्यावर लोंबत होती. पुन्हा लाइनमन, पुन्हा उद्या-परवा. जोड मारून झाल्यावर काकांनी त्या कोपऱ्याला बोराटीच्या काट्या बांधल्या.

काकीचं आमच्याकडे येणं वाढलं. तिची मुलगी सुरतेला आहे. आमच्या ओट्यावर बसून काकी तिच्याशी व्हिडिओवर बोलते, नातवाला बघते. काकाही एकदा व्यायामाच्या वेळी आले, कौतुकाने पलंगाच्या कडेला बसले. बाबांनी त्या दिवशी तोंडच उघडलं नाही, भिंतीकडे बघत राहिले. काकांना समजलं असावं. त्यानंतर ते त्या वेळेला कधी आले नाहीत.

आता बाबा काही शब्द म्हणतात. पानी. नोको. बाई, म्हणजे मी. चहा म्हणायचा असतो तेव्हाही कधीकधी पानीच येतं. मग मी दोन्ही नेऊन ठेवते. मागच्या महिन्यात नागपूरच्या बाईंनी मला एकटीला फोनवर थांबायला सांगितलं आणि म्हणाल्या, की आता फार मोठी सुधारणा होईल असं वाटत नाही, आहे ते टिकवायचं, पंधरा दिवसांतून एकदा भेटलं तरी चालेल. त्या चांगल्या शब्दांत सांगत होत्या. एकही शब्द तुटला नाही. मी बरं म्हटलं आणि भाजी चिरायला घेतली. बाबांना सांगितलं नाही, पण व्यायामाचे वार कमी झालेले त्यांना कळले असणार.

संध्याकाळी काका येतात. पलंगाशेजारी खुर्ची ओढतात आणि बोलत बसतात. कोणाच्या वावरात काय पेरलं, कोणाची गाय व्याली, मंगरूळच्या बाजारात आता कसे पोरगे हर्रास पुकारतात, आवाजच नाही कोणाले. बाबा ऐकतात. मधे कधी "नोको" म्हणतात, तेव्हा काका म्हणतात, "बरं, नोको तं नोको," आणि दुसरा विषय काढतात. नालीचा विषय अजून कोणी काढलेला नाही.

तेवढा वेळ बाबांजवळ कोणीतरी असतं. मी आतल्या खोलीत जाऊन आडवी होते. पेपर तपासायचे असतात, पण आधी आडवी होते.