चढावरचा नळ

साळवेमामा पाणी सोडायला आले की आधी लोखंडी चावीने व्हॉल्व्ह फिरवायचे आणि मग चढावर चालत जाऊन शेवटच्या घरातल्या नळाखाली ओंजळ धरायचे. ओंजळ भरली की खाली बघून ओरडायचे, "आलं बरं का!" ते आमच्या वस्तीचे लाइनमन. आठ-आठ दिवस नळाची वाट बघणाऱ्या संभाजीनगरात लाइनमनचा मान नगरसेवकाहून मोठा. कुणी चहा द्यायचं, कुणी पाकीट. मामा चहा घ्यायचे, पाकिटाला हात लावायचे नाहीत.

"शेवटचा हंडा भरल्याबिगर चावी फिरत नाय," हे पाणी बंद करण्याबाबत त्यांचं ठरलेलं वाक्य. राहायचेही ते चढावरच. त्यामुळे लोक कुजबुजत, स्वतःचं घर तिकडे आहे म्हणून सगळा कळवळा. मी एकदा तोंडावरच बोललो. मामा हसले. "व्हय, हायच की. तुमी चार दिस चढावर ऱ्हावा, तुमी बी लई चांगले लाइनमन व्हताल."

माझं नाक्यावर हार्डवेअरचं दुकान. एका उन्हाळ्यात खालच्या एका घराने माझ्याकडून मोटार नेऊन नळाला जोडली. हे बेकायदा आहे हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही. शेजाऱ्याचा नळ आटला, तोही मोटार न्यायला आला. मग त्याचा शेजारी. अर्ध्या एचपीवाल्यांना वर्षभरात एक एचपी लागू लागली. मला जाहिरात करावी लागली नाही, शेजाऱ्याचा कोरडा नळच माझं गिऱ्हाईक आणत होता. मग मी माझ्या घरीही एक बसवली. चढावर ओंजळ भरेनाशी झाली.

मामा दुकानात आले. रागावलेले नव्हते, थकलेले होते.

"भाऊ, तुमी मोटार नाय इकत. शेजाऱ्याचं पाणी इकता."

"मी नाही विकली तर पलीकडचा विकेल, मामा."

"इकू द्या त्याला. तुमचा हात कशाला?"

समोर गिऱ्हाईक उभं होतं. मी त्याच्याकडे वळलो.

मामा निवृत्त झाले. नवा लाइनमन घड्याळ बघून चावी फिरवायचा. चढावरचे लोक टँकरवाल्याकडून पाण्याचे ड्रम विकत घेऊ लागले. मामा मात्र खालच्या हापशावर कॅन भरून सायकलवरून वर न्यायचे. त्यांची लेक सुनंदा शेंद्र्याला कंपनीत कामाला. बापाचे हाल तिला बघवेनात. तिने पगार झाल्या झाल्या माझ्याकडून मोटार नेली. दुसऱ्या दिवशी मामा न उघडलेलं खोकं घेऊन हजर.

"घ्या वापस. पोरीचं चुकलं नाय, तिला बापाची काळजी. पर माझ्या वर अजून चार घरं हायती."

"सगळेच ओढतात, मामा. तुम्ही एकट्याने नाही ओढलं म्हणून त्यांना थोडंच मिळणार आहे?"

"नाय मिळणार," ते म्हणाले. "पर त्येंच्या तोंडचं म्या घेतलं नाय, एवढं तरी ऱ्हाईल."

मला ते हट्टी म्हातारपण वाटलं. पैसे परत करताना मी जरा चिडलोच होतो.

गेल्या मे महिन्यात ते त्याच चढावर सायकल ढकलताना कॅनसकट कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. त्या दिवशी नळाचा वार नव्हता. दुपारी सुनंदा दोन बादल्या घेऊन माझ्या दारात आली.

"काका, पाणी हाय का? बाबाला आंघोळ घालायचीय."

माझी गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली होती. मी बादल्या भरून दिल्या. तिने पर्स उघडली.

"किती द्यायचे?"

तो टोमणा नव्हता. आमच्या वस्तीत आता पाणी घेताना असंच विचारतात. मी नको म्हणून हात हलवला. ती बादल्या उचलून चढाकडे निघाली.

हे पाणी तुझ्या बापाचंच आहे, असं मला तिला सांगायचं होतं. सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर मोटार काढावी लागली असती.